उजवी पापणी

आईशी बोलताना बाबांची उजवी पापणी खाली येते हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी आधी उजेडाला दोष दिला. त्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते, आणि मोतीबिंदू काढल्यावर सुरुवातीला उजेड टोचतो. पण पुढचे काही दिवस मी नीट पाहत राहिले. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले की पापणी उघडी असे. दिव्याखाली ब्रश धरताना उघडी. माझ्याशी, गिऱ्हाइकांशी, दूधवाल्याशी बोलतानाही उघडीच. आई चहा घेऊन दारात आली की मात्र ती सावकाश उतरायची. पुरती मिटायची नाही, पण त्या डोळ्याला काही दिसू नये इतकी खाली यायची. आई आत गेली की पुन्हा वर. उजेडाला माणसं ओळखता येत नाहीत. तेव्हा कारण दुसरं काहीतरी होतं.

आमच्याकडे डोळे बनतात. पुढच्या खोलीत कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. कारखाना म्हणायचं ते सवयीनं. तिथं एक लांब टेबल, पॉलिशचं यंत्र, साच्यांची कपाटं आणि दिवसभर सारखाच उजेड देणारी, ऊन न येणारी एक मोठी खिडकी आहे. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा जातो ते आमच्याकडे येतात. खोबणीचा ठसा मी घेते, साचा मी करते, अ‍ॅक्रिलिकचं कवच घासून बसवते. बुबुळ रंगवणं आणि पांढरा भाग जुळवणं बाबांकडे. पांढऱ्यावरच्या लाल शिरा आईकडे होत्या. लाल रेशमी दोऱ्यातून ती एकेक तंतू सोडवायची आणि ओल्या ब्रशच्या टोकानं तो असा मांडायची, की माणूस जरा दमलाय, पण जिवंत आहे असं वाटावं. मागच्या वर्षी ती म्हणाली, आता बोटं थरथरतात. बोटं थरथरत नव्हती. तिला तंतू दिसत नव्हता.

आईला डोळा एकच. डावा लहानपणी गेला, खेळताना उडालेली तार लागून. तिचे आईवडील तिला याच कारखान्यात घेऊन आले होते. पुढे ती मोठी होत गेली तसा डोळा बदलावा लागला, आणि एका वर्षी आजोबांच्या हाताखाली शिकणाऱ्या बाबांनी तिचा डोळा केला. त्यांच्या एकट्याच्या हातचा तो पहिला. "यांनी आधी डोळा बसवला, मग डोळा मारला," असं आई पाहुण्यांना सांगायची. बाबा दरवेळी म्हणायचे, "क्रम उलटा होता."

त्या एकुलत्या डोळ्यात आता मोतीबिंदू पिकत चालला होता. डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही एकाच दिवशी तपासलं होतं.

"एकच डोळा आहे म्हणून मी घाई करत नाही," त्या आईला म्हणाल्या, "पण एकच आहे म्हणून तुम्ही उशीरही करू नका. भिंग कडक होत चाललंय. जितकं थांबाल तितकं ते काढणं अवघड."

"मला दिसतंय की," आई म्हणाली. "तुम्ही दिसता. तुमच्या मागचं कॅलेंडर दिसतं."

"महिना कुठला आहे त्यावर?"

"महिना मला पाठ आहे."

मागे कॅलेंडर नव्हतं. कुणा लहान मुलानं रंगवलेलं जहाज चौकटीत लावलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा बाबा आग्रह करत होते. "आधी माझा एक डोळा होऊ दे. मी बघतो कसं असतं ते. मग तुझा. तुझा झाला की माझा दुसरा." आई कुरकुरत का होईना, हो म्हणाली होती. मग बाबांचा उजवा डोळा झाला, छान झाला, आणि घरात ऑपरेशनचा विषयच बंद झाला. मी काढला की बाबा म्हणायचे, "राहू दे गं. बिघडलं तर हातातलंही जाईल." आई म्हणायची, "मला काय सुईत दोरा ओवायचाय?" जो रोज आग्रह करत होता तो गप्प झाला आणि जी तयार झाली होती ती मागे सरकली. ऑपरेशन यशस्वी होऊनही दोघं घाबरली. हे मला कुठल्याच बाजूनं जुळवता येईना.

आईत आणखी एक बदल झाला होता. पूर्वी ती चहाचा कप बाबांच्या टेबलावर, ब्रशांच्या बाजूला ठेवायची आणि ब्रश कपात बुडवू नका म्हणून बजावायची. आता ती दारातल्या स्टुलावर कप ठेवून परत फिरायची. मला वाटलं, टेबलाची कड दिसत नसेल.

त्याच सुमारास सलूनवाले तक्रार घेऊन आले. बाबांच्या ऑपरेशनच्या जरा आधी आम्ही त्यांना नवा डोळा करून दिला होता.

"काका, राग मानू नका."

"तक्रार करणारा माणूस हेच म्हणतो. बोला."

"माझा धंदा आरशाचा. गिऱ्हाईक येतं-जातं, समोर दिवसभर मीच. सकाळी बघतो तर एक डोळा झोपून आलाय आणि एक रात्रभर पत्ते कुटून आलाय. परवा एकानं विचारलं, कावीळ झाली का हो? म्हटलं झालीय, पण अर्धीच."

मी हसले. बाबा हसले नाहीत. त्यांनी खणातून पांढऱ्या चकत्यांची डबी काढली.

या चकत्यांबद्दल सांगायला हवं. माणसाच्या डोळ्यातला पांढरा रंग रोज सारखा नसतो. जागरण झालं, रडू आलं, ताप आला की बदलतो. म्हणून बाबा पांढरं थेट चेहऱ्याशी जुळवत नाहीत. त्यांच्याकडे अ‍ॅक्रिलिकच्या लहान चकत्या आहेत, निळसर पांढऱ्यापासून पिवळसर पांढऱ्यापर्यंत. गिऱ्हाइकाला कुठली चकती लागते हे ते एकदा ठरवतात आणि पुढचं सगळं काम त्या चकतीवरून करतात. ही आजोबांची पद्धत.

बाबांनी सलूनवाल्यांचा डोळा हातात घेतला, चकतीशेजारी धरला, खिडकीकडे नेला.

"चकतीला तर जुळतोय."

"चकतीला जुळतोय हो," सलूनवाले म्हणाले. "मला जुळत नाही."

मी जवळ जाऊन पाहिलं. चकती आणि डोळा अगदी एकरंगी होते. आणि सलूनवाल्यांच्या खऱ्या डोळ्याशेजारी दोन्ही सारखेच पिवळे होते. बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग कवच माझ्या हातात ठेवून म्हणाले, "ही करून देईल. तोवर जुना घाला." पांढरं त्यांनी यापूर्वी कधीच माझ्याकडे दिलं नव्हतं.

मी चकत्यांची डबी मिटून ठेवली आणि सलूनवाल्यांना खिडकीत बसवून त्यांच्या चेहऱ्यावरूनच रंग केला. दोनदा फसला, मग जुळला. निघताना त्यांनी छोट्या आरशात इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाले, "आता दोघं एका घरातले वाटतात."

चूक कुठे झाली ते मला रंग करता करताच कळलं होतं. चकत्या हाताळून ओरखडतात. ओरखडली की बाबा जुनीच्या शेजारी धरून नवी करतात आणि जुनी फेकतात. पण अ‍ॅक्रिलिक वर्षानुवर्षं उजेडात राहिलं की किंचित पिवळतं. चांगल्या नजरेला ते कळतं आणि माणूस नव्या चकतीत तेवढी दुरुस्ती करतो. मोतीबिंदूचं भिंग स्वतःच पिवळं असतं. त्यातून निळा उजेड कमी जातो, आणि पांढरं व पिवळट पांढरं यांतला फरक पुसला जातो. त्यामुळे प्रत्येक नवी चकती जुनीचं म्हातारपण घेऊनच जन्माला येत गेली. तपासणारा आणि तपासायची वस्तू दोन्ही एकाच बाजूला झुकली, की चूक दिसायला जागाच उरत नाही.

आणि बाबांना जग कधी पिवळं दिसलं नसणार. पिवळ्या भिंगामागे बसलेल्याला ते तसं दिसत नाही. बदल इतका हळू होतो, की मेंदू त्याच्याबरोबर पांढऱ्याची व्याख्या सरकवत राहतो. मी तरी काय वेगळं केलं होतं? त्याच खोलीत, त्याच डोळ्यांवर रोज पॉलिश करत होते. "पांढरं जास्त झालं की डोळ्याची बशी होते," हे बाबांचं वाक्य मी त्यांची आवड म्हणून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आई आडवी झाली होती. मी कारखान्यात आले तर बाबा खिडकीशी उभे होते. टेबलावर काळं कापड, आणि त्यावर आईचे जुने डोळे ओळीनं मांडलेले. वापरून झालेला डोळा आई फेकत नाही, कापडात गुंडाळून डब्यात ठेवते. बाबा आधी स्वतःचा एक डोळा हातानं झाकत होते, मग दुसरा.

"ये," ते म्हणाले. "बघ."

मी पाहिलं. डावीकडचा पहिला दुधासारखा होता, थोडी निळसर झाक असलेला. मग हळूहळू साईसारखा. शेवटचे काही फिक्या चहात बुडवून काढल्यासारखे होते.

"डाव्यानं बघितलं की सगळे सारखे," बाबा म्हणाले. "उजव्यानं बघितलं की हे असं."

"वयानं माणसाचं पांढरंही पिवळट होतं, बाबा. थोडं बरोबरच आहे."

"थोडं." त्यांनी शेवटचा डोळा उचलून तळहातावर ठेवला. "थोडं म्हणजे किती, ते मला नको शिकवूस."

त्यांनी तळहात खिडकीकडे वळवला.

"पट्टी काढली ना, तेव्हा समोर ती होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं दिसतंय? मला वाटलं, यांनी भिंग वाईट बसवलंय. मग भिंत बघितली. चादर बघितली. बाईंचा कोट बघितला. सगळं लख्ख. डाग फक्त तिच्या चेहऱ्यावर. आणि तो माझ्या हातचा."

"म्हणून तिच्याकडे बघताना पापणी खाली घेता?"

"मी?" त्यांनी खरंच दचकून माझ्याकडे पाहिलं. "घेतो का मी?"

"रोज."

ते स्टुलावर बसले. तळहातावरचा डोळा त्यांनी ओळीत नेमक्या जागी परत ठेवला. "डाव्या डोळ्यात ती आहे तशी आहे गं," ते म्हणाले. "एकसारखी."

"आणि तिचं ऑपरेशन?"

"झालं की पहिल्यांदा आरशात बघेल."

"त्यापेक्षा ती आंधळी झालेली चालेल तुम्हाला?"

मी आवाज चढवला नव्हता. पण वाक्य तसं असेल तर आवाजानं फारसा फरक पडत नाही. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या भिंतीवर कुणीतरी ओल्या चादरी वाळत घातल्या होत्या.

"तू शिकलीस ना हे सगळं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "मग सांग. खरं कुठलं? हा डोळा सांगतो ते, का हा?"

"दोन्ही खरं सांगतात. डावा कमी सांगतो, इतकंच."

"मग कमी ऐकलेलं बरं असतं काही वेळा."

"तुमच्यापुरतं ठरवा तुम्ही. तिचं तिला ठरवू द्या. पण ठरवायचं तर तिला माहीत हवं. आत्ता ती ज्या गोष्टीला घाबरतेय ती खरी गोष्टच नाहीये."

मला तेव्हा वाटत होतं, की आई कशाला घाबरतेय ते मला माहीत आहे: बाबा बिघडेल-बिघडेल म्हणतात त्याला.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. स्वयंपाकघरात टेबलावर एकच दिवा आहे. आई तिच्या हल्लीच्या खुर्चीवर बसली होती, दिव्याकडे पाठ करून. तिनं पाणी ओतलं ते अर्धं पेल्यात आणि अर्धं बाहेर पडलं. ती पदर शोधू लागली. मी फडकं तिच्या हातात दिलं.

"अगं, ऐक," बाबांनी सुरुवात केली. "तुझ्याशी जरा..."

"आधी तो डोळा उघडा," आई म्हणाली.

बाबांचा घास हातातच राहिला.

"बघताय काय? एका डोळ्यानं जगणाऱ्या बाईला दुसऱ्याचा मिटलेला डोळा आधी दिसतो. बाकी काही दिसो न दिसो. दवाखान्यातून आलात तेव्हापासून बघतेय मी. लेकीकडे बघताना दोन्ही डोळे टक्क. माझ्याकडे वळलात की एक दुकान बंद."

"अगं, तसं नाही ते."

"तसंच आहे, आणि मी रागावलेही नाही." तिनं फडक्यानं टेबल पुसलं, कोरडं होतं तिथंच. "बायको म्हातारी झाली, ती तुमच्यासाठी इतके दिवस धुक्यात होती. काच पुसल्यावर सुरकुत्या दिसणारच. त्याला कोण काय करणार? म्हणून मी चहा दारातच ठेवते. आणि म्हणून मला ते ऑपरेशन नको. तुम्हाला जे बघवत नाही ते मी मुद्दाम पैसे देऊन कशाला बघू?"

मी ताटाकडे बघत बसले. मी त्या पापणीला उजेडाचं कारण दिलं होतं. आईनं तीच पापणी पाहिली होती आणि त्यात स्वतःचा चेहरा वाचला होता. बाबांना तर ती हलते हेही ठाऊक नव्हतं.

"काय बोलतेस तू," बाबा म्हणाले. "सुरकुत्या? सुरकुत्या मी बघितल्याही नाहीत."

"मग?"

बाबांनी ताट बाजूला सारलं. सांगायला त्यांना वेळ लागला. दोनदा सुरुवात करून थांबले. शेवटी त्यांनी ते गिऱ्हाइकाला सांगतात तसं, सरळ सांगितलं.

"तुझा हा डोळा चुकलाय. डावा. पांढरा नाहीये तो, पिवळा झालाय. आधीचाही तसाच होता. त्याच्या आधीचाही थोडा. मला तो फरक दिसतच नव्हता. आता दिसतो. मी चुकीचा डोळा तुझ्या चेहऱ्यावर बसवला आणि तू तो घालून सगळीकडे फिरलीस."

आईनं हात वर नेला आणि डाव्या पापणीखाली बोट टेकवलं. नुसतं टेकवलं, जणू ताप बघावा.

"मला तर बरोबर दिसतो," ती म्हणाली.

"तुझाही डोळा माझ्यासारखाच झालाय ना. त्याला नाही दिसणार."

"लोकांना दिसतो?" हे तिनं मला विचारलं.

"दिसत असणार," मी म्हणाले. "मला आता दिसतो. आधी मला तो तुझा चेहराच वाटायचा."

"कुणी बोललं नाही कधी."

"चेहऱ्याबद्दल कोण बोलतं?"

तिचं बोट पापणीखालीच होतं. बाहेर कुणाची तरी सायकल भिंतीला घासून गेली.

"म्हणजे तुम्ही मला बघून डोळा मिटत नव्हता," ती सावकाश म्हणाली. "स्वतःच्या कामाला बघून मिटत होता."

"हो."

"आणि ऑपरेशन नको म्हणत होता तेही त्याचसाठी."

"हो. माझी भीती मी तुझ्या नावावर खपवली." बाबा थांबले. "बिघडण्याची भीतीही खोटी नव्हती. पण ती दुसरी होती. पहिली ही."

आई हसायला लागली आणि मध्येच तिचं हसणं थांबलं. "इतके महिने," ती म्हणाली, "मी दिव्याकडे पाठ करून जेवतेय हो."

बाबांनी टेबलावरून हात पुढे केला. तिला तो दिसला नसावा. त्यांनी तो तिच्या मनगटावर ठेवला आणि ते तसेच बसून राहिले. मी उठून भांडी उचलावीत की बसावं ते मला कळेना. मी बसून राहिले.

"ऑपरेशन बिघडलं तर काय होईल?" आईनं विचारलं. प्रश्न मला होता. बाबांना तिनं तो विचारला नाही.

"तर दिसणार नाही," मी म्हणाले. "क्वचित बिघडतं. पण बिघडू शकतं."

"आणि नाही केलं तर?"

"तरी दिसणार नाही. हळूहळू."

"घाबरवू नकोस तिला," बाबा म्हणाले.

"घाबरवत नाहीये ती. तिला विचारलं तेवढं सांगतेय." आईनं मनगट सोडवून घेतलं, पेला चाचपला आणि त्यात होतं तेवढं पाणी पिऊन टाकलं. मग ती खुर्चीवरून उठली, खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आणली आणि दिव्यासमोर बसली. एक डोळा ढगाळ होता आणि एक पिवळा. बाबा दोन्हींकडे बघत होते.

"उद्या डॉक्टरीणबाईंना फोन कर," ती मला म्हणाली. "त्यांना सांग, मी ऑपरेशन करून घेणार आहे."